आईच्या फोनवरचं लाल पान

सीताफळ एकदा झाडावरून उतरवलं की ते कुणाच्या सवडीची वाट बघत नाही. आज दगडासारखं असलेलं फळ उद्या हातात घ्यावं तर अंगठा आत रुततो. त्यामुळे दसऱ्यानंतर आमच्या घरात कुणाचंच बूड एका जागी टेकत नाही. मी तर मुळातच चिडकी. त्यात या दिवसांत मला कुणी ‘झालं का?’ असं विचारलेलं अजिबात खपत नाही, आणि यंदा जो तो येऊन तेच विचारत होता.

धारूरच्या बाजारात आमचं किराणा-भुसाराचं दुकान आहे. अप्पा, म्हणजे माझे वडील, आणि माझा मोठा भाऊ बसवेश ते बघतात. दुकानामागच्या गोदामात आईच्या बचत गटाच्या बाया डोंगरउतारावरची सीताफळं आणून निवडतात. आजवर हा माल टोपल्यांतून एसटीनं बीडला जायचा, स्टँडबाहेर उन्हात बसून विकला जायचा, आणि उरलेला तिथेच सोडून बाया परतीची गाडी पकडायच्या. यंदा फळाचा गर काढणाऱ्या एका कारखान्याचे खरेदी अधिकारी गोदाम बघायला येणार होते. त्यांची अट अशी, की क्रेट भरला की जागेवरच त्याचा फोटो, वजन आणि झाड कुणाचं हे फोनवर नोंदलं गेलं पाहिजे. ते जमलं तर कारखान्याची गाडी रोज दारात येणार होती. नाही जमलं तर पुन्हा टोपल्या आणि स्टँड.

मी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरूनच वेबसाइट बनवायचं काम करते, त्यामुळे हे माझ्या गळ्यात पडणार हे उघडच होतं. गोदामाच्या भिंती दगडी, आत मोबाईलला रेंज नाही. म्हणून मी असं ठरवलं, की माझा लिनक्सचा लॅपटॉपच गोदामात ठेवायचा, दुकानातल्या वायफायवर तो आणि बायांचे फोन जोडायचे, आणि फोननं पान उघडायचं ते थेट लॅपटॉपवरून. बाहेरच्या इंटरनेटची गरजच नको. पान झटपट तयार झालं. नावं आली, वजनं आली. फक्त कॅमेरा उघडेना.

ब्राउझरचा नियम कडक आहे. पानाच्या पत्त्याला कुलूप नसेल, म्हणजे फोन आणि लॅपटॉपमधलं बोलणं बंदिस्त नसेल, तर तो पानाला कॅमेऱ्याला हात लावू देत नाही. कुलपासाठी सर्टिफिकेट लागतं. ते देणाऱ्या मोठ्या संस्था आहेत, सगळे ब्राउझर त्यांना ओळखतात. पण त्या जगजाहीर नावांना सर्टिफिकेट देतात, आमच्या गोदामातल्या लॅपटॉपला कोण विचारतंय. मग माझं सर्टिफिकेट मीच बनवलं आणि त्यावर सहीही मीच केली. असं कुणालाही करता येतं, म्हणूनच त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

आधी माझ्याच लॅपटॉपला पटवायचं होतं. त्यातल्या लिनक्सनं, म्हणजे उबुंटूनं, नेमून दिलेल्या जागी सर्टिफिकेट ठेवलं, विश्वासाची यादी नव्यानं करायला सांगितलं. टर्मिनलनं, म्हणजे हुकूम टाइप करायच्या त्या काळ्या खिडकीनं, मुकाट्यानं एक नाव वाढवलं. मी खुशीत क्रोम उघडलं, तर धोक्याचा इशारा देणारं लाल पान, त्यावर त्रिकोण. क्रोमची यादी वेगळी निघाली. तिथं घातलं, तर फायरफॉक्स लाल. एका घरात तीन चुली, आणि प्रत्येक चुलीपाशी जाऊन सांगायचं की बाई, मी याच घरची आहे. मी खुर्ची मागं ढकलून खोलीत येरझारा घालायला लागले.

बसवेश दुकानातून वर माझ्या खोलीत आला होता. त्यानं लाल पानाच्या तळाशी ‘प्रगत’ लिहिलेलं बटण दाखवलं. ते दाबलं की ‘तरीही पुढे जा’ असं येतं, आणि पुढे जाता येतं.

“दाबायचं की मंग,” तो म्हणाला. “कावून जीव काढतीस?”

त्याचं चुकलं नव्हतं. माझ्या धंद्यातली निम्मी माणसं दिवसभर तेच दाबत बसतात, मीही दाबते. पण गोदामात हे पान आईच्या फोनवर उघडायचं होतं. ती गटाची अध्यक्ष, कारखान्याच्या साहेबांना तीच दाखवणार होती. आणि आईला ‘पुढे जा’ दाब म्हणून सांगायला माझी जीभ रेटत नव्हती.

कारण मागच्या लग्नसराईत आईच्या व्हॉट्सॲपवर एक लग्नपत्रिका आली होती. नंबर ओळखीच्या पाहुण्यांचा. फोननं बजावलं होतं, की ही फाइल धोक्याची असू शकते, तरी उघडायची का. आता घरी पत्रिका यावी आणि ती न उघडता ठेवून द्यावी, असं आमच्यात कोण करतं? पाहुण्यांना काय वाटेल? आईनं उघडली. लग्न कुणाचंच नव्हतं. आईचा फोन कुठल्या तरी परक्याच्या ताब्यात गेला, आणि आईच्याच नावानं, तिच्या फोटोसकट, तीच पत्रिका गटातल्या सगळ्या बायांना गेली. शांतादेवींनी, म्हणजे आईनं, पाठवली म्हटल्यावर बायांनीही उघडली. गटातल्या मंगलच्या खात्यातून तर पैसे गेले, त्यापायी तिला बँकेच्या आणि पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. तिनं आईशी बोलणं टाकलं नाही, पण तिच्या बोलण्याला तेव्हापासून धार आली.

त्यानंतर आईनं फोनला हात लावणंच सोडलं. वाजला तर जो जवळ असेल त्याच्या पुढ्यात सरकवायची. मीच तिच्याकडून तेव्हा एक नियम घोकून घेतला होता. चिडून घोकून घेतला, आणि खरं सांगायचं तर घाबरून. लाल दिसलं, धोका लिहिलेलं दिसलं, की बंद करायचं. समोर कुणीही असो, काहीही म्हणो. त्या एका नियमाच्या आधारावर ती हळूहळू निदान आलेला फोन उचलायला लागली होती. आता त्याच तोंडानं मी तिला कसं सांगणार, की लाल दिसलं तरी दाब, हे आपलं आहे?

म्हणून मी लांबचा पण सरळ रस्ता धरला. आधी एक मूळ सर्टिफिकेट बनवलं, घरचा शिक्काच म्हणा. त्याची गुप्त किल्ली, म्हणजे सही ज्या फाइलनं होते ती, ज्याच्या हाती लागेल तो आईच्या फोनला कुठलंही खोटं पान खरं म्हणून पटवू शकेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या भीतीनं मी किल्लीला इतका लांब पासवर्ड घातला की माझा मलाच तो धड टाइप होईना. मग त्या शिक्क्यानं लॅपटॉपच्या पत्त्याचं सर्टिफिकेट सही केलं, आणि आईचा फोन घेऊन तिच्याजवळ बसले.

शिक्का फोनमध्ये बसवताना फोननं पुन्हा बजावलं. आईनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. मी तिला सांगितलं, की हे मी बसवतेय, तुझ्यासमोर, माझ्या हातानं. तू एकटी असताना कुणी असं काही बसवायला सांगितलं तर नाही म्हणायचं, माझं नाव घेऊन सांगितलं तरी नाही म्हणायचं. तिनं मान हलवली. मग पान उघडलं. लाल काही आलं नाही, कॅमेरा उघडला. आईनं एकाच क्रेटचे इतके फोटो काढले, की शेवटी मला तिच्यावर ओरडावं लागलं. ती हसली. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी पुन्हा कुणावरच ओरडले नाही.

साहेब यायच्या दिवशी मात्र सगळं उलटंपालटं झालं, आणि झालं ते आमच्या पाहुणचारापायी. अप्पांची जुनी सवय आहे, दुकान बंद करताना मेन स्विच पाडायचा. राउटर त्याच लाइनीवर. सकाळी साहेबांची गाडी ठरल्याच्या आधीच येऊन उभी राहिली. बसवेशनं शटर वर केलं, स्विच चढवला, खुर्च्या मांडल्या, आणि चहा उकळेपर्यंत साहेबांना आणि त्यांच्या ड्रायव्हरला वायफायचा पासवर्ड देऊन टाकला. पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याबरोबर वायफाय द्यायचं, ही आमच्या दुकानाची अलीकडची रीत आहे. नुकत्याच चालू झालेल्या राउटरनं जे फोन आधी जोडले गेले त्यांना आकड्यांचे पत्ते वाटले. माझ्या लॅपटॉपचा नेहमीचा पत्ता, ज्याच्या शेवटी पाच होते, तो साहेबांच्या फोनला गेला. मी धावत खाली येऊन लॅपटॉप चालू केला तेव्हा मला मिळाला तो शेवटी नऊवाला.

पत्ता बदललाय हे माझ्या लक्षात आलं. मी घाईघाईनं आईच्या फोनवर नवा पत्ता घालून दिला. पण सर्टिफिकेटवर अजून जुनाच पत्ता लिहिलेला आहे, हे त्या गडबडीत माझ्या डोक्यातून साफ निसटलं.

आई इरकल नेसून, कपाळाला विभूती लावून क्रेटपुढं उभी होती. बाया कडेनं उभ्या होत्या, अप्पा दारात. साहेबांनी गोदाम बघून घेतलं होतं, फळ हातात घेऊन बघितलं होतं, आणि त्यांना ते आवडलंय हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. पलीकडच्या क्रेटमधला कालचा माल पिकायला लागला होता, त्याचा गोड वास गोदामभर होता. आईनं फोनवर बोट टेकवलं.

लाल पान आलं.

आईनं फोन पालथा केला आणि क्रेटवर ठेवला. मी लॅपटॉपवर वाकले आणि वाकताक्षणी मला चूक दिसली. पाच आणि नऊ. नवं सर्टिफिकेट सही करायचं, लॅपटॉपवरून पान पुरवणारा सर्व्हर पुन्हा चालू करायचा, एवढंच काम होतं. पण उभ्या माणसांसमोर थोडा वेळही फार मोठा होतो. साहेब समजुतीनं म्हणाले, की असं येतंच, आमच्या ऑफिसातही रोज येतं, ताई तुम्ही प्रगत दाबा आणि पुढं जा. बसवेशनं आईच्या कानाशी लागून तेच सांगितलं. अप्पांनी दारातून हातानंच खुणावलं, दाब. आईनं फोन उचलला, पण बोट पुढं जाईना.

मग मंगल बोलली. हळू बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

“पत्रिका उघडताना न्हाई थांबलीस, शांताबाई. आन आज आमच्या सगळ्यांच्या पोटाच्या येळंला थांबलीस.”

आईचं तोंड एकदम उतरलं. ती माझ्याकडे वळली.

“प्रणे, लाल दिसलं की बंद, आसं तूच म्हनली होतीस. आता बी तूच सांग. दाबू का नको?”

पान माझं होतं, लॅपटॉप माझा होता, तो माझ्यासमोर हाताच्या अंतरावर होता. या एका लाल पानात काडीचा धोका नव्हता, हे तिथं मला एकटीला नक्की माहीत होतं. ‘दाब’ हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. मला सगळ्यांचा राग आला होता, साहेबांच्या फोनचा, बसवेशच्या पाहुणचाराचा, मंगलच्या जिभेचा, आणि सगळ्यात जास्त माझा. मी म्हटलं, आण इकडं, मीच दाबते. आणि फोन तिच्या हातातून घेतला.

अंगठा बटणावर नेला आणि सहज वर बघितलं. आई फोनकडे बघत नव्हती. ती माझ्या अंगठ्याकडे बघत होती. भाकरी थापायला शिकताना मी तिच्या हाताकडे जशी बघायचे, तशी. एकदा नीट बघून ठेवायचं आणि मग तसंच करायचं. मी दाबलं असतं तर ती तेच शिकली असती, की चारचौघे उभे असले आणि घाई असली की लालच्या पुढं जायचं असतं. पुढच्या पत्रिकेच्या वेळी मी तिच्या शेजारी असणार नव्हते.

मी फोन खाली ठेवला. साहेबांना सांगितलं, की हे पान खरं बोलतंय, चूक माझी आहे, ती दुरुस्त करते, थोडं थांबा. साहेबांनी घड्याळ बघितलं. त्यांना पुढं पाटोद्याला एक बैठक होती. माणूस वाईट नव्हता, पण त्याला एवढ्याशा गोष्टीचा एवढा बाऊ का, ते कळेना. पुढच्या आठवड्यात बघू म्हणाले आणि निघाले. पुढच्या आठवड्यात हे फळ काळं पडून उकिरड्यावर गेलेलं असणार, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही.

गाडी गेल्यावर अप्पा आत आले. ते चारचौघांत कधी कुणाला बोलत नाहीत.

“एक बोट दाबायचं व्हतं, प्रणिता,” एवढंच म्हणाले आणि गल्ल्यावर जाऊन बसले.

बाया पुन्हा फळं निवडायला बसल्या. बसवेश क्रेट उगाच इकडून तिकडे लावत राहिला. आई पालथ्या क्रेटवर बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. माझ्यामुळं गेले, असं ती स्वतःशीच म्हणत होती. मी किल्लीचा तो लांबलचक पासवर्ड टाइप करत होते आणि तो पुन्हापुन्हा चुकत होता. शेवटी तो लागला. नव्या पत्त्याचं सर्टिफिकेट सही झालं, सर्व्हर पुन्हा उठला. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन लॅपटॉपचा पत्ताही कायमचा बांधून टाकला, जे मी आधीच करायला हवं होतं. फोन आईच्या हातात दिला.

तिनं भीत भीत बोट लावलं. पान उघडलं, कॅमेरा उघडला. तिनं फोन जवळ नेला, लांब धरला, लाल कुठं लपलंय का बघितलं.

“आता कावून आलं न्हाई?”

मी तिला सांगितलं, की सर्टिफिकेटवर एका घराचा पत्ता होता आणि लॅपटॉप दुसऱ्याच घरात जाऊन बसला होता. फोन तेवढंच म्हणत होता, की सांगितलेला पत्ता आणि हा पत्ता जुळत नाही. आता जुळतोय.

“मंजी फोन खरं सांगत व्हता?”

“हो.”

“आन मी थांबले, ते बरुबर व्हतं?”

“बरोबर होतं. अख्ख्या गोदामात तू एकटीच बरोबर होतीस.”

तिनं फोन क्रेटवर सुलटा ठेवला. मग सीताफळांकडे बघत म्हणाली, “पत्रिका आल्यापासून मला वाटतंय, मीच येडी हाय.”

ती रडली नाही. मी रडले. लॅपटॉपच्या मागं तोंड लपवून, बाया बघतायत हे माहीत असून रडले. इतके दिवस मी तिला नियम घोकवले होते, पण तू येडी नाहीस असं एकदाही म्हटलं नव्हतं.

आई उठली. बसवेशकडे जाऊन साहेबांचा नंबर मागितला. तो म्हणाला, मी बोलतो. ती म्हणाली, नंबर सांग. त्यानं एकेक आकडा सांगितला आणि तिनं एकेक आकडा दाबला. रेंजसाठी ती गोदामाच्या मागच्या दारात जाऊन उभी राहिली. पत्रिकेनंतर तिनं स्वतःहून कुणाला फोन लावलेला मी बघितला नव्हता. बायांचे हात थांबले.

“साहेब, मी शांतादेवी बोलते, धारूरहून. लाल पान गेलं. न्हाई, कुनी दाबलं न्हाई, दुरुस्त केलं.” ती थांबली, पलीकडचं ऐकलं, आणि आवाज न चढवता बोलली. “साहेब, आमच्या बायांची नावं, झाडं, फोटो समदं तुमच्याकडं येनार. लाल दिसलं तरी फुडं जानारी बाई तुमाला बरी वाटती का थांबनारी, तेवढं सांगा.”

मग ती बराच वेळ नुसती ऐकत होती. हो म्हणाली, बरं म्हणाली, आणि फोन बंद केला. पाटोद्याची बैठक आटोपली की याच वाटेनं येतो म्हणाले, एवढं तिनं सांगितलं. ते खरंच येतील की बोलायचं म्हणून बोलले, ते तिला कळलं नव्हतं, आणि तसं तिनं सरळ सांगितलं. बसवेशनं तोंड वाकडं केलं.

मंगल हातातलं फळ ठेवून उठली होती. पदराला हात पुसत ती आईपाशी आली, कमरेची पिशवी सोडली आणि तिचा काच तडकलेला फोन काढला. माझ्याकडे तिनं बघितलंच नाही.

“शांताबाई, तुझ्यावानी माझ्या बी फोनात बसव ते,” ती म्हणाली. “पर तू शेजारी बसायचं.”

आईनं मला हाक मारली आणि क्रेटवर सरकून मंगलला जागा करून दिली.